खडपावरचा प्रश्न

शाळेमागची पाखाडी उतरली की पुळण आणि तिच्या टोकाला खडप, ही आमची मधल्या सुट्टीची जागा. नववीत असताना, ओहोटीला कालवे काढणाऱ्या बायकांच्या मागे अनवाणी हिंडताना माझ्या उजव्या तळव्यात कालवाची शिंप घुसली. लंगडत वर्गात आलो, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी आधी जखम धुऊन पट्टी बांधली आणि मग विचारले, "पाय आधी उचललास, की दुखलं ते आधी कळलं, रे?" दुखले म्हणून उचलला, असे मी ठामपणे सांगितले आणि साऱ्या वर्गानेही तेच मत दिले.

आज वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मला ठाऊक आहे, की आम्ही सगळेच चुकलो होतो. 'मेरुरज्जू मेंदूकडे संदेश वाहून नेतो' हे आम्ही पाठ केलेले वाक्य खोटे नव्हते. पण त्याने मेरुरज्जूला निव्वळ टपालवाला करून टाकले होते. प्रत्यक्षात पाठीच्या कण्यातला हा करंगळीएवढ्या जाडीचा, सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा रज्जू आलेले पत्र उघडतो, वाचतो आणि पुष्कळदा उत्तरही स्वतःच धाडतो. तो माकडहाडापर्यंत पोहोचतो ही समजूतही चुकीची आहे. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. त्याच्यापासून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. त्वचेची आणि स्नायूंची वार्ता मागच्या मुळांनी आत येते, तर स्नायूंना जाणारी आज्ञा पुढच्या मुळांनी बाहेर पडते.

माझ्या तळव्यातली वार्ता अशीच आत शिरली. तिथल्या मधल्या चेतापेशींनी ती वर-खाली अनेक पातळ्यांवर पसरवली. घोटा, गुडघा आणि खुबा दुमडणारे स्नायू आखडले, पाय ताठ करणारे स्नायू सैल पडले. त्याच वेळी डाव्या पायाचे ताठ करणारे स्नायू घट्ट झाले, म्हणून मी शेवाळलेल्या कातळावर कोसळलो नाही. मेंदूकडे वर्दी जातच होती, परंतु ती तिथे पोहोचून 'दुखते' असे वाटेपर्यंत पाय उचलला गेला होता. मागून येणारी ठसठस तर सेकंदाला साधारण अर्धा ते दोन मीटर चालणाऱ्या बारीक तंतूंची असते. स्नायूंची वार्ता नेणारे जाड तंतू सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतात.

या जाड तंतूंचे काम सरांनी दुसऱ्या दिवशी दाखवले. एकाला टेबलावर बसवून त्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली डस्टरच्या लाकडी कडेने हलकेच ठोकले आणि पाय उडाला. मांडीच्या पुढच्या स्नायूतील ताण मोजणारी यंत्रणा क्षणभर ताणली गेली, तिची वार्ता चेतापेशींमधल्या एकाच जोडातून त्याच स्नायूच्या प्रेरक, म्हणजे त्याला आज्ञा देणाऱ्या, चेतापेशीला मिळाली आणि तो आखडला. मांडीमागच्या स्नायूला मात्र मधल्या एका चेतापेशीमार्फत थांबवले गेले. एकाला कामाला लावताना त्याच्या विरोधकाला गप्प बसवण्याची ही रीत ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ शेरिंग्टन यांनी प्रयोगांनी उलगडली; त्यांना १९३२ चे नोबेल पारितोषिक एड्रियन यांच्यासमवेत मिळाले. मग सरांनी त्या मुलाला दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवून ओढायला लावले, तेव्हा पाय अधिकच उडाला. ही येंड्रासिक या हंगेरियन वैद्याची युक्ती आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

ठेच लागली की आजी तिथे हात चोळत असे, त्यालाही अर्थ होता. वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले, की मेरुरज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे मागच्या मुळांची वार्ता जिथे येते त्या भागात, जणू एक दार असते आणि स्पर्शाच्या जाड तंतूंची वार्ता आली की ते वेदनेसाठी थोडे मिटते. त्यांच्या आराखड्यातील काही जोडण्या पुढे बदलाव्या लागल्या, परंतु वेदनेची छाननी तिथेच सुरू होते, हे टिकले.

त्या दाराला मेंदूही वरून निरोप पाठवतो. दहावीत कबड्डीच्या सामन्यात माझ्या अंगठ्याचे नख उलटले होते. सामना संपून पायाखालच्या मातीत रक्त दिसेपर्यंत मला त्याचा पत्ता नव्हता. दिसले, आणि मग मात्र मी मैदानातच बसलो.