शून्य

नियम आज दुपारी चालला. तरी मन थाऱ्यावर नाही.

दोन दिवस ड्रूल्स, म्हणजे आमचे नियम चालवणारं सॉफ्टवेअर, एकच उत्तर देत होतं. सगळे नियम चालवणाऱ्या फायरऑलरूल्सकडून शून्य, म्हणजे एकही नियम चालला नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. आधी मी केमॉड्यूल, म्हणजे ड्रूल्सच्या सेटिंगची फाइल, धरलं. त्यात ठरावीक पॅकेजेस, म्हणजे फाइली ज्यांत विभागतात ते गट, नेमून दिली असतील आणि डीआरएल, म्हणजे नियम लिहिलेली फाइल, भलत्याच फोल्डरात पडली असेल, तर नियम केबेसमध्ये, म्हणजे नियमांच्या साठ्यात, येतच नाही, आणि कुणी ओरडतही नाही. पण फोल्डर बरोबर होता. केबेसमधले नियम छापून पाहिले, आमचा नियम जागेवर होता. मग हा नियम लिहिणाऱ्या पोरीला मी म्हटलं, "तुझी अटच चुकतेय." तिने मान डोलावली. तीनदा अट बदलून लिहिली तिने.

मला तेव्हा स्वतःचीच कीव येत होती. रिलीज तोंडावर, सगळं माझ्याच गळ्यात, घरचं तर लिहीतच नाही.

आज सेशनमध्ये, म्हणजे नियम चालतात तिथे, घातलेल्या ऑब्जेक्टच्या क्लासचं, म्हणजे जावातल्या त्याच्या साच्याचं, पूर्ण नाव छापलं. 'लोनअ‍ॅप्लिकेशन' हा कर्जाच्या अर्जाचा क्लास तोच, पण पॅकेज वेगळं. मागच्या महिन्यात ते क्लास नव्या पॅकेजात हलवले ते मीच. जावाच्या फाइली बदलल्या, डीआरएलमधली इम्पोर्टची ओळ, कुठला क्लास वापरायचा ते सांगणारी, तशीच राहिली. जुना क्लास सापडला नसता तर बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅमची जुळणी, तिथेच फुटलं असतं. पण पॉममध्ये, म्हणजे प्रोजेक्टला काय काय लागतं त्या यादीत, जुनी जार, म्हणजे जुन्या क्लासांची बांधलेली फाइल, होती. इम्पोर्ट सापडत होता, नियम कंपाइल होत होता आणि सेशनमध्ये कधीच न येणाऱ्या अर्जाची वाट बघत होता. जावाला पॅकेजसकट नाव लागतं. पॅकेज निराळं की नातं संपलं, क्लासमधली ओळ न् ओळ सारखी असली तरी.

चूक सापडल्याचा आनंद झालाच नाही. तिची मान डोलावणंच आठवत राहिलं. ती एकदा तरी 'नाही' का म्हणाली नाही?

संध्याकाळी तिच्या टेबलाशी जाऊन सांगितलं, चूक माझी होती. ती म्हणाली, "ताई, तो इम्पोर्ट मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवला असेल."

काय बोलावं सुचेना. खुर्ची ओढून तिच्याच शेजारी बसले. पॉममधून जुनी जार काढली. बिल्ड फुटलं. आणखी दोन डीआरएलमध्ये तोच जुना इम्पोर्ट होता. इतक्या दिवसांनी लाल अक्षरं दिसली आणि बरं वाटलं. माऊस तिच्याकडे सरकवला. म्हटलं, आधी तू सांग.