तुम्ही विचारलंत म्हणून : नफ्याशिवाय काही चालतं का?

अर्थशास्त्र शिकवतो म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो. "गरजा, लोकहित हे सगळं ऐकायला बरं वाटतं हो सर, पण नफ्याशिवाय काही चालतं का?"

चालतं. आपल्या पुण्यातच हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेचं 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र १९७४ पासून चालू आहे, ना नफा ना तोटा या तत्त्वावर. पीठ, गॅस, भाकरी थापणाऱ्या बायकांचे पगार, सगळ्याचा हिशेब तिथेही चोख ठेवावाच लागतो. फरक सुरुवातीत आहे. पोती वाहून आलेल्या माणसाच्या खिशाला काय झेपेल, हे तिथे आधी पाहिलं जातं.

हमालाची दुसरी अडचण याहून मोठी होती. त्याला एक मालक नसतो. सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या गाळ्यावर. मग त्याचा प्रॉव्हिडंट फंड कोण भरणार, आजारपणाचं कोण बघणार? माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी केलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने यावर तोड काढली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीच्या काही टक्के जादा रक्कम, या कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे भरायची. त्या लेव्हीतून हमालाला फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, औषधपाणी मिळतं. मला विचाराल तर महाराष्ट्राने अर्थशास्त्राला दिलेली ही फार मोठी देणगी आहे, आणि ती आमच्या अभ्यासक्रमात जवळजवळ नाहीच.

तिथे असतो जीडीपी, म्हणजे देशात वर्षभरात झालेल्या उत्पादनाची एकूण किंमत. वाघोलीच्या सोसायटीने पाण्याचा टँकर विकत घेतला की तो वाढतो. आईने घरी रांधलेलं त्यात धरतच नाहीत. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ सालीच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून देशाचं कल्याण ताडता येणार नाही. तरी आपण त्याच आकड्याला धरून बसलो आहोत.

आज अ‍ॅपवरून जेवण पोचवणारी मुलं नेमकी त्या हमालाच्या जागी उभी आहेत. माझ्या वर्गातलीही काही संध्याकाळी हेच काम करतात. अपघात झाला तर कुणाच्या दारात जायचं, हे त्यांना ठाऊक नाही. प्रत्येक ऑर्डरमागे थोडी लेव्ही आणि एक मंडळ, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. राजस्थानने २०२३ साली या धर्तीवर कायदा केलाही. माथाडी कायदा ज्या राज्याने केला, त्याने खरं तर हा त्याआधीच करायला हवा होता.