तपकिरी क्लिप तुटली, तिथून सुरू झालेला शोध

आवाज अगदी बारीक आला, वाळकी काडी मोडावी तसा. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी बांधलेल्या जहाजाची मधली डोलकाठी पुसायला म्हणून सुटी केली होती. दोर अडकवायची तपकिरी क्लिप चिमटीत धरून हलकेच ओढली आणि तिचा एक दात माझ्या बोटांतच राहिला. दुसरी ओढली, तीही गेली. संध्याकाळपर्यंत सात क्लिपा आणि दोन प्लेटा, म्हणजे चपटे ठोकळे, मोडल्या. सगळ्या त्याच एका तपकिरी रंगाच्या. त्याच डब्यातले काळे, करडे, पिवळे तुकडे मात्र ठणठणीत होते.

हे जहाज मी आठ वर्षांपूर्वी बांधलं होतं आणि ते काचेमागेच उभं होतं. ऊन नाही, हाताळणी नाही. कंपनीला फोटो पाठवले. उत्तर सभ्य होतं: सेट आता बंद झाला आहे, तो तुकडा त्या रंगात शिल्लक नाही, क्षमस्व. मला खरंच रडू आलं. लहानपणापासून मी याच एका कंपनीचे, लेगोचे, ठोकळे जोडत आले. ‘महाग असू दे, पण आयुष्यभर टिकतात’ असं मीच दहा जणांना सांगितलेलं होतं.

क्लिप हे निमित्त झालं, नाराजी आधीपासून साठत होती. अलीकडच्या एका सेटमध्ये शेजारी शेजारी बसवलेल्या निळ्या प्लेटांच्या तीन छटा दिसत होत्या. मोठ्यांसाठी म्हणून काढलेल्या मॉडेलवर छपाईऐवजी स्टिकरची पानं येत होती, आणि वळणदार तुकड्यावर लावलेल्या स्टिकरच्या कडा वर्षभरात उचलल्या जायच्या. ठोकळे जोडणं सोडायचं नव्हतं, पण डोळे झाकून त्याच डब्याकडे हात जाणं आता थांबवायचं होतं.

पहिला प्रयत्न फसला. डब्यावरचं चित्र सुंदर होतं, तुकड्यांची संख्या भरपूर होती, तेवढ्यावर भुलून मी एका अनोळखी कंपनीचा दीपगृहाचा सेट मागवला. पिशव्या फोडल्या तेव्हाच प्लॅस्टिकचा उग्र वास आला. पिशव्यांवर आकडे नव्हते, त्यामुळे सगळे तुकडे एकत्र ओतून दोन संध्याकाळी नुसती निवडणी केली. सातव्या-आठव्या थरापर्यंत ठीक चाललं होतं. मग खिडकीची चौकट बसेना. भिंत डावीकडून बांधत आणली तर उजवीकडे केसाएवढी फट, उजवीकडून आणली तर डावीकडे. वरच्या थरावर दाब दिला की खालचा थर सुटायचा. ते दीपगृह मी पूर्ण केलं नाही.

पण त्या फटीनं मला विचार करायला लावला. ठोकळा म्हणजे नक्की काय, तो बसतो कशामुळे, हे इतक्या वर्षांत मी कधी पाहिलंच नव्हतं. डिजिटल व्हर्नियर कॅलिपर आणला आणि घरातला एक जुना, चांगला ठोकळा मोजला. दोन बाय चारचा ठोकळा ३१.८ मिलिमीटर लांब आणि १५.८ रुंद भरला. ठोकळ्यावरच्या एका गोल उंचवट्याच्या, म्हणजे स्टडच्या, मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, त्या हिशेबानं लांबी ३२ यायला हवी. ते ०.२ मुद्दाम सोडलेलं असतं, म्हणजे शेजारचे दोन ठोकळे एकमेकांना ढकलत नाहीत. स्टडचा व्यास ४.८, ठोकळ्याची उंची ९.६ आणि प्लेटची ३.२. म्हणून तीन प्लेटा एकावर एक ठेवल्या की बरोबर एक ठोकळा होतो. उंचीचं सगळं गणित या तिप्पटीवर उभं आहे.

मग दीपगृहाचे ठोकळे मोजले. एकेकटा ठोकळा मोजला तर फरक नगण्य वाटत होता, ०.०५ मिलिमीटर जास्त. वीस ठोकळ्यांचा मनोरा रचला आणि कॅलिपर पुरेना म्हणून पोलादी पट्टी लावली. १९२ मिलिमीटर यायला हवे होते, आले १९३. वीस वेळा ०.०५ म्हणजे एक मिलिमीटर, आणि एक मिलिमीटर म्हणजे प्लेटच्या जाडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. खिडकी बसेल कशी? तेव्हापासून कुठलाही नवा ठोकळा घरात आला की मी आधी वीसचा मनोरा रचते.

पकडीचंही तसंच. ठोकळा उलटा करून बघा, आत पोकळ नळ्या दिसतील. खालच्या ठोकळ्याचा स्टड वरच्याची भिंत आणि ती नळी यांच्या मध्ये घट्ट अडकतो. एबीएस प्लॅस्टिक तेवढ्यापुरतं किंचित वाकतं आणि परत मूळ आकारात येतं, म्हणून ठोकळा हजारदा काढला-घातला तरी पकड राहते. सुरुवातीच्या काळात हे ठोकळे सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकचे असत. ते वाकडे व्हायचे, म्हणून १९६३ पासून एबीएस आलं. स्वस्त ठोकळ्यांत प्लॅस्टिक वेगळं असलं किंवा साचा झिजलेला असला की पकड सैल पडते. आणखी एक खूण मला सापडली. साच्यात प्लॅस्टिक जिथून शिरतं तिथे बारीक टिपका उरतो. चांगला कारखाना तो लपेल अशा जागी ठेवतो. माझ्या दीपगृहावर तो ठोकळ्याच्या दर्शनी बाजूलाच होता, प्रत्येक विटेवर, नखाला लागेल असा.

एक प्रश्न मात्र मोजमापाच्या आधीपासून सतावत होता. दुसऱ्या कंपनीचे ठोकळे घेणं म्हणजे चोरीचा माल घेणं तर नाही? याचं उत्तर मिळेपर्यंत मी पुढची मागणी नोंदवली नाही. जे समजलं ते असं. एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा ब्रिटनमध्ये हिलरी फिशर पेज यांनी १९४७ सालीच बाजारात आणल्या होत्या. आतल्या नळ्यांची रचना नंतरची, तिच्या पेटंटचा अर्ज डेन्मार्कमध्ये २८ जानेवारी १९५८ रोजी झाला. पेटंटला मुदत असते आणि ती कधीच संपली. मग विटेचा आकार हाच ट्रेडमार्क आहे असा लेगोचा दावा पुढे आला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयानं २०१० मध्ये तो मानला नाही. जो आकार यंत्रासारखं काम करतो, तो ट्रेडमार्कच्या नावाखाली कायमचा कुणाच्या मालकीचा राहू शकत नाही, असा त्या निकालांचा गाभा आहे. माझं मन तिथे हलकं झालं. छोट्या माणसाच्या बाहुलीचं प्रकरण वेगळं. तिच्या आकाराचा ट्रेडमार्क युरोपात २०१५ मध्ये कायम राहिला. पर्यायी सेटमधली माणसं जरा निराळी का दिसतात, ते मला तेव्हा कळलं.

वीट सगळ्यांची आहे, पण विटांपासून कुणी केलेली रचना सगळ्यांची नाही. ही रेघ मी स्वतःसाठी ठळक ओढली. लेपिन या नावानं लेगोचे डबेच्या डबे हुबेहूब उतरवून विकले जात होते, चित्रापासून जोडणीच्या पुस्तिकेपर्यंत. २०१९ मध्ये शांघायच्या पोलिसांनी तिथे छापे घातले आणि पुढच्या वर्षी सूत्रधाराला सहा वर्षांची कैद झाली. असला माल कितीही स्वस्त मिळाला तरी मला नको. हौशी लोकांनी महिनोन्‌महिने बसून केलेल्या रचनाही काही विक्रेते न विचारता डब्यात घालतात. तेही तितकंच वाईट आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं याचा मला राग येतो. मी आता सेट घेण्याआधी रचनाकाराचं नाव छापलंय का ते पाहते. नसेल तर पुस्तिका थेट रचनाकाराकडून विकत घेते आणि तुकडे वेगळे मागवते.

मग नमुने गोळा केले. मोठे सेट नाहीच घेतले, चार कंपन्यांचे थोडे थोडे सुटे तुकडे आणि एखादा छोटा डबा घेतला. पोलंडच्या ‘कोबी’ या कंपनीचं एक छोटं विमान आणलं. त्यावरची सगळी चिन्हं छापलेली होती, एकही स्टिकर नाही, आणि पकड इतकी करकचून की चुकलेली प्लेट काढायला पातळ पट्टी लावावी लागली. प्रदर्शनात ठेवायच्या मॉडेलला अशी पकड छान, पण रोज मोडून नवं करायचं असेल तर बोटं दुखतात. चीनच्या गोब्रिक्सचे सुटे तुकडे आणले. मनोरा १९२ भरला, जुन्या ठोकळ्यांत मिसळून बसवले तर आवाजही तसाच, ‘टक्’. बाकीच्या दोघांपैकी एकाचा रंग फिका होता, दुसऱ्याच्या प्लेटा मध्ये किंचित बाकदार होत्या.

शेवटची परीक्षा भाचीनं घेतली. ती सात वर्षांची आहे आणि ठोकळ्यांच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. तिच्यापुढे चार वाट्या ठेवल्या, कुठल्या वाटीत कुणाचे ते सांगितलं नाही.

“मावशी, हे निघतच नाहीत.”

“आणि हे?”

“हे आपोआप निघतात. घोडा उभा राहत नाही.” मग तिसरी वाटी तिनं स्वतःकडे ओढून घेतली. “हे मला दे.”

तिसऱ्या वाटीत गोब्रिक्सचे होते. माझ्या कॅलिपरचं उत्तरही तेच होतं, पण तिच्या बोटांवर माझा जास्त विश्वास बसला.

रंगांनी मात्र दमवलं. प्रत्येक कंपनीची रंगांची नावं वेगळी आणि पडद्यावर दिसणारी छटा हातात आल्यावर निराळीच. जुना तपकिरी घेऊन मी नवे तुकडे आधी खिडकीपाशी धरले, मग दिव्याखाली. दिव्याखाली जुळलेला एक तपकिरी उजेडात लालसर निघाला. शेवटी ठरवलं की छटा जुळवायचा अट्टहास सोडायचा. जिथे तपकिरी तुकडा तुटलाय, तिथला अख्खा भागच नव्या रंगात बांधायचा. डोलकाठ्या, कठडे, शिडांचे आडवे दांडे सगळे नव्या तपकिरी रंगात, आणि जहाजाचं काळं-पिवळं अंग जुनंच. फरक दिसतो, पण लाकूड बदललंय असा दिसतो, डाग पडल्यासारखा नाही.

त्यासाठी आधी संगणकावर जहाज उभं करावं लागलं. मी एलड्रॉ वापरलं. जेम्स जेसिमन यांनी १९९५ मध्ये लिहिलेली ही मोफत प्रणाली. पुढे दोनच वर्षांत ते वारले, पण जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यातला तुकड्यांचा संग्रह आजवर वाढवत ठेवला आहे. त्यात एक एकक म्हणजे ०.४ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची २४ एककं, एका स्टडची जागा २० एककं. अपूर्णांक जातात आणि डोकं शांत राहतं. पहिले काही दिवस नुसती माऊसशी झटापट झाली, मग हात बसला. मधली डोलकाठी मूळ रचनेत एकाच क्लिपवर तोललेली होती हे मला पडद्यावर पहिल्यांदा दिसलं. इतका भार एका बारक्या दातावर! मी तिथे क्लिपऐवजी आरपार जाणारी दांडी घातली आणि क्लिपांकडे फक्त दोर ठेवला.

यादी तयार झाली ३४६ तुकड्यांची. प्रत्येक प्रकारात पाच-सहा तुकडे जास्तीचे घेतले, आणि हा सल्ला मी कुणालाही देईन, कारण एका तुकड्यासाठी पुन्हा मागणी नोंदवणं जिवावर येतं. पार्सल आल्यावर मोजले तर दोन प्रकारचे तुकडे कमी भरले. विक्रेत्याला उघड्या पिशवीचा आणि यादीचा फोटो पाठवला, ते तुकडे तीन आठवड्यांनी आले. मधल्या काळात मी जुनं जहाज थर थर करून उतरवलं. उरलेले तपकिरी तुकडे कोमट पाण्यात ठेवून सोडवून पाहिले, तरी निम्मे मोडलेच. ते मी टाकलेले नाहीत. एका बरणीत आहेत.

बांधायला नऊ संध्याकाळी लागल्या. सहाव्या दिवशी मधली डोलकाठी उभी केली आणि जहाज अंगावर उचलून थोडं तिरकं करून पाहिलं. आधी असं करायची माझी छाती नव्हती. डोलकाठी हलली नाही. भाची शेजारी श्वास रोखून उभी होती, मग तिनंच हात लांब करून वरच्या टोकाचा पिवळा ठोकळा दाबला.

मोठ्या कंपनीचे डबे मी आता अजिबात घेत नाही असं नाही. परवाच त्यांच्या एका जुन्या रेल्वे इंजिनाची चाकं घेतली, कारण तशी चाकं मला दुसरीकडे मिळाली नाहीत. पण चाकंच घेतली, बाकीचं इंजिन माझं आहे. त्याचा बॉयलर पडद्यावर अर्धा झालाय.

जहाजाच्या मागच्या डोलकाठीचा दोर अजून बांधायचा आहे. त्यासाठी बारा क्लिपा वेगळ्या काढल्या आहेत. प्रत्येक क्लिप एका जाड दांडीवर वीस वेळा चढवून-उतरवून पाहिली. बाराही शाबूत आहेत.