माया मुलखात बसनं

मेक्सिकोतल्या कॅनकूनला उतरलात की शक्य तितक्या लवकर तिथून निघा, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बीच सुंदर आहे, त्यात वाद नाही, पण त्या हॉटेलांच्या पट्ट्यातून एसी गाडीनं चिचेन इत्झा या जुन्या शहराची डे टूर करून परत आलं की डोक्यात एकच चित्र बसतं, की इथे कधीकाळी माया लोकांची एक गूढ संस्कृती होती, मग ती एकाएकी नाहीशी झाली आणि आता नुसते दगड उरलेत. आपल्याकडचे कितीतरी व्हिडिओ पण हेच सांगतात, वर एलियन जोडून. मला याचा खरंच राग येतो. पन्नास-साठ लाख लोक आज माया भाषा बोलतायत, एक नाही, तीसेक वेगवेगळ्या भाषा, आणि बसस्टँडवर तुम्हाला तमाल विकणारी बाई, होडीवाला, फार्मसीतली मुलगी, हे सगळे माया आहेत. हे विमानातून दिसत नाही. म्हणून मी आणि माझी मावसबहीण युकातान द्वीपकल्पापासून ग्वाटेमालाच्या डोंगरांपर्यंत जमिनीवरूनच गेलो, बस, कोलेक्टिव्हो म्हणजे तिकडच्या शेअर व्हॅन, पिकअपचा मागचा दांडा धरून, आणि मधे नदी आली तिथे होडीनं.

चिचेन इत्झाबद्दल थोडक्यात सांगते कारण त्यावर सगळीकडे लिहिलेलं आहे. मोठ्या पिरॅमिडला चार बाजूंना ९१-९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. वर चढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. जवळच्या व्हायादोलिदला मुक्काम करा, सकाळी गेट उघडताना पोचा, टूरच्या बसेस यायच्या आत दोन तास निवांत मिळतात. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीतच, सगळं पाणी चुनखडीच्या खाली, आणि जिथे छत कोसळलंय तिथे सेनोते, म्हणजे पाण्यानं भरलेले खोल खड्डे. त्यात पोहायला उतरलं की खाली किती खोल आहे ते कळत नाही, पाणी गार, वरून वडासारख्या लांब मुळ्या लोंबतायत. गावं का इथेच वसली ते त्या पाण्यात उभं राहिल्यावर आपोआप समजतं.

आता तिथे माया ट्रेन पण सुरू झालीय, डिसेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं. तुलूमच्या बाजूला त्या ट्रेनसाठी जंगल तोडलं गेलं आणि खालच्या गुहांमध्ये लोखंडी खांब ठोकले गेले, त्याच गुहा ज्यातून सगळ्या भागाचं पाणी जातं. आम्ही बसनंच गेलो.

पालेंकेपासून जंगल खऱ्या अर्थानं सुरू होतं. हवा एकदम दमट, आणि पहाटे हाउलर माकडांचा आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा बहीण उठून बसली, "ताई, हे काय आहे?" माकड म्हणून विश्वास बसत नाही इतका तो खोल आणि मोठा आवाज आहे, किलोमीटरभर लांबून येतो आणि खोलीत कोणीतरी आहे असं वाटतं. पालेंकेला पाकाल राजाची कबर आहे, सातव्या शतकातला राजा, पिरॅमिडच्या आत जिना खाली जातो तिथे, आणि ती १९५२ मध्ये अल्बेर्तो रुझ या मेक्सिकन संशोधकाला सापडली. योगायोग असा की त्याच वर्षी रशियात युरी क्नोरोझोव्हनं माया लिपी कशी वाचायची याचा पाया घातलेला लेख छापला. आणि त्यानं आधार कशाचा घेतला, तर दिएगो दे लांदा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याच्या नोंदींचा, ज्यानं १५६२ मध्ये मानी गावात माया लोकांच्या पोथ्या जाळल्या होत्या. आज जगात चार माया पोथ्या उरल्यात. चार. मला ते आठवलं की अजूनही गलबलतं.

पालेंकेहून वर सान क्रिस्तोबालला गेलो, २२०० मीटर उंचीवर, थंडी, स्वेटर लागतोच. तिथून कोलेक्टिव्होनं अर्ध्या तासात चामुला गाव. इथलं चर्च बाहेरून साधं पांढरं, हिरवी-निळी कमान, आत मात्र एकही बाक नाही, जमिनीवर पाइनची हिरवी पानं पसरलेली, आणि त्यात जागा करून फरशीवर चिकटवलेल्या शेकडो मेणबत्त्या. कुटुंबच्या कुटुंबं खाली बसून त्सोत्सिल या माया भाषेत प्रार्थना करत असतात, शेजारी पॉश म्हणजे तिकडची दारू, कोलाच्या बाटल्या, कधी कोंबडी. आजारी माणसासाठी उपचार करणारी बाई त्याची नाडी बघते आणि मेणबत्त्यांचे रंग त्यावर ठरतात. आत फोटो काढायला सक्त मनाई आहे आणि ते लोक ती पाळायला लावतात. मी फोन बॅगेत तळाशी टाकला आणि भिंतीला टेकून बराच वेळ उभी राहिले. तिथे कोणीही टुरिस्टसाठी काही करत नव्हतं, आम्ही असून नसल्यासारखे होतो आणि तेच बरोबर होतं. याच सान क्रिस्तोबालमध्ये १ जानेवारी १९९४ ला झापातिस्ता बंडखोर शिरले होते, बहुतेक सगळे याच डोंगरांतले माया शेतकरी.

मग सीमा. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या मधे उसुमासिंता नदी आहे, आणि फ्रोंतेरा कोरोसाल गावातून लांब अरुंद होड्या सुटतात. आम्ही आधी नदीतूनच यशचिलान या जुन्या माया शहरात गेलो, तिथे जायला रस्ताच नाही. वाळूवर मगरी पहुडलेल्या, दोन्ही काठांना जंगल, डावा काठ एका देशात, उजवा दुसऱ्या. यशचिलानच्या शहरात शिरायचं ते एका अंधाऱ्या दगडी चक्रव्यूहातून, वटवाघळं डोक्यावरून, आणि पलीकडे निघालं की एकदम मोठं मोकळं मैदान. इथल्या दारांच्या वरच्या दगडी पट्ट्यांवरचं कोरीवकाम म्हणजे माया कलेतलं सगळ्यात देखणं काम असं माझं मत आहे. एका पट्टीत राणी जिभेतून काटेरी दोरी ओढून रक्त अर्पण करतेय, तिच्या वस्त्रावरची वेलबुट्टी सुद्धा टाका न् टाका दिसेल इतकी बारीक. पण ती पट्टी बघायची तर लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये जावं लागतं, एकोणिसाव्या शतकातच ती तिकडे नेली गेली. (हा सगळा सीमाभाग कधीकधी अशांत असतो, यशचिलान आणि जवळचं बोनाम्पाक ही दोन्ही ठिकाणं मध्यंतरी सुरक्षेच्या कारणानं बंद होती. पालेंकेला चौकशी करूनच निघा, आणि मेक्सिकोचा एक्झिट स्टॅम्प विसरू नका, होडीत बसल्यावर आठवून उपयोग नाही.)

पलीकडे ग्वाटेमाला, धुळीचा रस्ता, आणि काही तासांनी फ्लोरेस. पेतेन इत्झा तलावातलं हे छोटंसं बेट म्हणजे जुनं नोहपेतेन, शेवटचं स्वतंत्र माया राज्य. ते स्पॅनिशांनी जिंकलं मार्च १६९७ मध्ये. म्हणजे इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते तेव्हा. मी हे बहिणीला तलावाकाठी सांगितलं तेव्हा ती दोनदा म्हणाली, इतकं अलीकडे? हो, इतकं अलीकडे. कोलंबसनंतर दोनशे वर्षं हे लोक टिकून होते, आणि आपण त्यांना हजार वर्षांपूर्वीच लुप्त करून टाकतो.

तिकाल या जंगलातल्या जुन्या माया शहराबद्दल मी कितीही लिहीन. नववं शतक येईपर्यंत इथे हजारो लोक राहायचे आणि जवळ नदी नाही, मोठं तळं नाही. सगळी चौकं चुन्यानं लिंपलेली आणि उतार असा की पावसाचं पाणी हौदांमध्ये जाईल. एका हौदात तर झिओलाइट आणि स्फटिकाची वाळू सापडली, लांबून आणलेली, पाणी गाळण्यासाठी, २०२० मध्ये ते संशोधन छापून आलं. मग दुष्काळ पडत गेले, लढाया होत्याच, आणि तारीख कोरलेला शेवटचा दगड ८६९ सालचा. शहर सोडलं म्हणजे माणसं संपली असं नाही, ती उत्तरेला गेली, डोंगरात गेली, खेड्यात राहिली. विमानातून लेझर टाकून या जंगलाचा नकाशा केला, तो २०१८ मध्ये जाहीर झाला, तेव्हा साठ हजारांवर बांधकामं दिसली झाडांखाली, घरं, बांध, उंच केलेले रस्ते.

आणि तिकालच्या जंगलात सगळीकडे चिकू! आपला डहाणू-घोलवडचा चिकू तो हाच, मूळचा इथला. देवळांच्या दारांवरचे कोरलेले लाकडी पाट चिकूच्याच लाकडाचे आहेत, बाराशे वर्षं टिकलेत. खोडावर तिरक्या खाचा दिसतात, चीक काढण्यासाठी पाडलेल्या, त्याच चिकापासून पूर्वी च्युइंगम व्हायचं. तिकालजवळच्या वशाक्तून सारख्या गावांमध्ये लोकांना जंगल सामूहिक हक्कानं मिळालंय, ते चीक, फुलवाल्यांना लागणारी ताडाची पानं, ऑलस्पाइस असं काढतात आणि आगी लागू नयेत म्हणून गस्त घालतात, आणि अशा गावांकडच्या भागात जंगल बऱ्यापैकी शाबूत आहे. १९९० मध्ये राखीव केलेल्या त्या एवढ्या मोठ्या टापूत जिथे असं काही नाही तिथे गुरांच्या कुरणांनी किती खाल्लंय ते बसच्या खिडकीतून दिसतं. मला वाटतं जंगल वाचवायचं तर हेच मॉडेल.

फ्लोरेसहून दक्षिणेला जाताना सायाशचेला बस तराफ्यावर चढते आणि साध्या मोटारींच्या जोरावर नदी पार होते. मग चढ लागतो आणि धुकं. कोबानच्या भागात केक्ची माया लोक, आणि इथे मला ते भेटलं ज्याची काहीच कल्पना नव्हती, वेलदोडा! रस्त्याच्या कडेला पोती, बायका हिरव्या शेंगा निवडतायत, वास अख्ख्या गल्लीत. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास एका जर्मन मळेवाल्यानं तो भारतातून आणला आणि आज ग्वाटेमाला जगातला सगळ्यात मोठा निर्यातदार आहे, माल मुख्यतः अरब देशांत जातो. आम्ही त्या बायकांना मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं की तुम्ही घरी कशात घालता, तर त्या हसल्या, आम्ही खात नाही, विकतो. मग बहिणीनं चहा, श्रीखंड, पुरणपोळी असं सगळं हातवारे करून सांगितलं, आणि एका आजींनी मूठभर शेंगा तिच्या ओढणीत बांधून दिल्या, पैसे घेतलेच नाहीत. इथूनच पिकअपमधे उभं राहून सेमुक चांपेला जाता येतं, काहाबोन नदी तीनशे मीटर चुनखडीच्या पुलाखाली घुसते आणि त्या पुलावर हिरव्यानिळ्या पाण्याची डबकी. डबकी हा शब्द फारच कमी पडतोय.

कोबान ते उस्पान्तान ते किचे हा रस्ता लोक टाळतात, वळणं आणि दरडी. पण तो घ्याच. उस्पान्तान म्हणजे रिगोबेर्ता मेंचूचा तालुका, १९९२ चं शांततेचं नोबेल. ग्वाटेमालाच्या यादवीत १९६० ते १९९६ दोन लाख लोक मारले गेले किंवा नाहीसे झाले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीनं नेमलेल्या आयोगानं सांगितलं की ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. हेच हिरवे डोंगर, हीच गावं. बसमध्ये शेजारी बसलेल्या साठीच्या बाईकडे बघून मला सारखं वाटत होतं की हिनं काय काय पाहिलं असेल. विचारलं नाही, विचारायचा माझा हक्क नव्हता.

त्या बसेस म्हणजे अमेरिकेतल्या जुन्या शाळेच्या, रंगवून नव्या केलेल्या, दोघांच्या सीटवर तिघं. टपावर मक्याची पोती. आणि संध्याकाळी गावात उतरलं की घराघरातून थापण्याचा आवाज, अगदी आपल्या भाकरीसारखा. मका चुन्याच्या पाण्यात उकडून मग दळतात, पानाला लावतो तोच चुना, आणि त्यानं मक्यातलं एक जीवनसत्त्व शरीराला मिळतं. युरोपनं मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि इटलीत मक्यावरच जगणारे गरीब लोक पेलाग्रा नावाच्या रोगानं पिढ्यानपिढ्या मेले. पोपोल वूह या किचे माया लोकांच्या ग्रंथात देव माणूस आधी मातीचा करतात, मग लाकडाचा, दोन्ही जमत नाहीत, शेवटी मक्याच्या पिठाचा जमतो. त्याची सर्वात जुनी उरलेली प्रत अठराव्या शतकाच्या सुरुवातीला चिचिकास्तेनांगोत एका पाद्र्यानं उतरवून घेतली. गुरुवारी आणि रविवारी तिथे बाजार असतो, चर्चच्या पायऱ्यांवर कोपाल म्हणजे तिकडच्या धुपाचा धूर, फुलवाल्या, आणि २६० दिवसांची जुनी दिनदर्शिका सांभाळणारे जाणते लोक आजही तिथे विधी करतात.

अतितलान तलावाला तीन ज्वालामुखी आहेत आणि दुपारनंतर वारा सुटतो, होडी जोरात आपटते, म्हणून फिरायचं ते सकाळी. सान हुआन गावात बायका कमरेला पट्टा बांधून मागावर विणतात, त्सुतुहिल या त्यांच्या माया भाषेत गप्पा मारत, झाडपाल्याचे रंग. एका वीपिलला, म्हणजे त्यांच्या ब्लाउजला, काही महिने लागतात. या नक्ष्या कंपन्या उचलतात आणि मशीनवर छापतात, म्हणून माया विणकर बायका २०१६ मध्ये थेट घटनात्मक न्यायालयात गेल्या, नक्षीवर गावाचा सामूहिक हक्क हवा म्हणून. तेव्हा तिथे घासाघीस करू नका प्लीज. जिनं विणलंय तिच्याकडूनच घ्या आणि ती सांगेल ती किंमत द्या.

शाकाहारींसाठी: बीन्स, तोर्तिया, अंडी, केळी, अवोकाडो सगळीकडे मिळतं, पण बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, 'सिन मांतेका' म्हणा, आणि 'सिन कार्ने' म्हटलं तर चिकन येऊ शकतं, पोयो पण नको हे वेगळं सांगा. वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोसाठी भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागत नाही. कोरडा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल. पेतेनला म्हणजे फ्लोरेस-तिकालच्या भागात डासांचं औषध, डोंगरात स्वेटर, आणि सुटे पैसे भरपूर ठेवा, होडीवाल्यांकडे कधीच नसतात.