अर्थिंगसाठी अठरा दिवस

नेटवर्कचा रॅक (उपकरणं बसवायचा लोखंडी सांगाडा) उभा केला, नेटवर्क स्विच आणि राउटर चढवले, यूपीएसची लाइन घेतली. एका दुपारचं काम. पुढचे अठरा दिवस गेले ते अर्थिंगपायी.

पहिल्याच संध्याकाळी स्विचच्या कडेला मनगट लागलं आणि मुंग्या आल्या. मल्टिमीटर काढला. फेज-न्यूट्रल २३० व्होल्ट, पण फेज-अर्थ ११८ आणि न्यूट्रल-अर्थ ११२. अर्थ कुठेतरी तुटला की असंच दिसतं. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात, म्हणून बॉडीवर निम्मा व्होल्टेज येऊन बसतो. अर्थ धड असला तर फेज-अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोनेक व्होल्ट यायला हवा.

रॅक बंद केला आणि इमारतीच्या देखभाल विभागाकडे तक्रार दिली. माणूस आला, फेजला टेस्टर लावला, दिवा लागला. "अर्थिंग आहे, तुमच्या मशीनमध्येच दोष," म्हणत त्याने सहीसाठी वही पुढे केली. मी सही केली नाही. टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो, अर्थचं त्याला काही कळत नाही. आठवड्याने पुन्हा तोच माणूस, तोच टेस्टर. इकडे वरिष्ठ रोज विचारणार, नेटवर्क कधी सुरू? त्यात एकाने सुचवलं, न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडा, रीडिंग बरोबर येईल. असं म्हणणाऱ्याला बोर्डाला हात लावू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटली तर अख्ख्या रॅकच्या बॉडीवर फेज येईल.

तिसऱ्या खेपेला मी हटूनच बसलो, मेन बंद करून डीबी (वीज वाटणारी पेटी) उघडायला लावली. आमच्या सॉकेटची अर्थची वायर तिथपर्यंत आलेली होती, पण टोकाला टेप गुंडाळून तशीच सोडलेली. अर्थच्या पट्टीवर कसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट.

रॅकची स्वतंत्र अर्थ वायरही याच पट्टीवर आणली, तांब्याची, १६ चौरस मिलिमीटरची. रॅकचा रंग करंट अडवतो, त्यामुळे लगखालचा (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा) रंग खरवडून दातेरी वॉशर घाला. दाराला वेगळी वायर लागते, बिजागरीवर विसंबू नका. अर्थ सगळ्यात आधी जोडायचा, सगळ्यात शेवटी काढायचा.

आणि हो, एकाच स्विचला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन वेगळ्या लाइनींवर द्या. एकेका लाइनीला सगळा लोड पेलला पाहिजे. मी एकेक कॉर्ड काढून बघितली, एकही स्विच बंद पडला नाही.

मग वहीत सही केली, शेजारी तिन्ही रीडिंग लिहून.