ग्वादियानाच्या अलीकडे चार खाड्या

दक्षिण युरोपात महिनाभर एकटीने फिरायचे, हा बेत मी ज्या वहीत आखला ती मुळात आमच्या आंब्याच्या कलमांच्या हिशेबाची वही आहे. डावीकडच्या पानावर गेल्या मोसमातल्या पेट्या आणि फवारणीचा खर्च, उजवीकडच्या पानावर लिस्बन, सेव्हिल, रोम, अथेन्स. ही दोन पाने एकमेकांच्या आड येणार हे मला पहिल्याच रात्री कळायला हवे होते, कारण तिकडचा पाहण्यासारखा वसंत मार्च ते मे या महिन्यांत असतो आणि रत्नागिरीच्या माणसाला घर सोडवत नाही तेही याच महिन्यांत. आधी शिमगा, मग हापूस.

त्यात २०२७ साली पंचांगाने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. त्या वर्षी ती पौर्णिमा २२ मार्चची, म्हणजे आपली फाल्गुनी पौर्णिमाच, आणि ईस्टर लगेच २८ तारखेला. सेव्हिलमध्ये ज्या आठवड्यात येशूच्या आणि मेरीच्या मूर्तींचे अवजड चौथरे मानेवर घेऊन माणसे रात्र रात्र रस्त्यातून चालतात, त्याच आठवड्यात आमच्या वाडीत ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचत असणार. मला दोन्ही पाहायचे होते. आईला विचारण्याचे धैर्य मी केले नाही. पालखी दारात आली असता ओटी भरायला घरची थोरली लेक नाही, हे वाक्य मी स्वतःलाच पुरते ऐकवू शकले नाही. तेव्हा पालखी आधी, सेव्हिल नंतर, आणि परत येणे एप्रिलअखेरीस, झाडावरचा आंबा ऐन भरात असताना, एवढे ठरले.

पहिल्या आराखड्यात चार देश होते. लिस्बनहून निघायचे, स्पेन आडवा कापून बार्सिलोना गाठायचे, तिथून रात्रभराच्या बोटीने इटलीतले चिव्हिताव्हेक्या, मग बारी बंदरातून आणखी एका बोटीने ग्रीसमधले पात्रास. नकाशावर हे फार देखणे दिसत होते. ज्या व्हिसा एजंटाकडे मी कागद घेऊन गेले त्यांनी मात्र नकाशाकडे पाहिलेच नाही. “एकट्या बाईची फाइल कच्ची असते, ताई. ग्रुप टूर घ्या, जेवणही आपले मिळते,” असे ते म्हणाले. निवृत्त होईपर्यंत चौतीस वर्षे मी लोकांच्या कर्जाच्या फायली पक्क्या आणि कच्च्या ठरवल्या, त्यामुळे हा शब्द मला जरा जास्तच झोंबला.

घरी येऊन रागारागाने हे सांगितले, तर भाच्याने सहज विचारले, “पण मावशी, तू कोकणात तरी कधी एकटी राहिली आहेस का?” मी उत्तर शोधू लागले. बँकेच्या प्रशिक्षणाला गेले होते, पण तिथे वसतिगृह होते आणि खोलीत दोघी होतो. लग्नकार्ये, बारशी, तीर्थयात्रा, सगळीकडे कोणीतरी होतेच. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी परक्या गावात एकटीने दार लावून झोपलेच नव्हते. युरोपच्या आधी एक रंगीत तालीम आवश्यक होती, आणि तिला किनाऱ्याइतकी सोयीची जागा नव्हती. रत्नागिरीपासून उत्तरेला चौलच्या खाडीवरच्या कोर्लईपर्यंत समुद्राकाठाने जायचे तर चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. चार देशांना चार खाड्या, असा बालिश हिशेब मी मांडला, सात किलोंची एकच पाठपिशवी भरली आणि नोव्हेंबरातल्या एका सोमवारी निघाले.

जयगडहून तवसाळला उतरले, गुहागरला राहिले. तो दिवस इतका सुरळीत गेला की त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याहून दाभोळला जाताना मात्र मी बोटीच्या कठड्याला टेकून मोबाइलवर पोर्तुगालचा नकाशा उघडला, आणि बेताला तिथे खरी दिशा मिळाली. लिस्बनहून सेव्हिलला थेट आगगाडी नाही, ही माझी आठवड्याभराची डोकेदुखी होती. सगळे बस सुचवतात. पण नकाशा बोटांनी ताणून मोठा केला तेव्हा दिसले की पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्याची रेल्वे थेट ग्वादियाना नदीच्या मुखाशी, विला रियाल द सांतु आंतोनियु या गावात जाऊन थांबते. समोरच्या काठावर आयामोंते, म्हणजे स्पेन. आणि मधे निळ्या तुटक रेषेने दाखवलेली फेरीबोट. पंधरा मिनिटांचे अंतर. वरच्या अंगाला १९९१ साली पूल झाला, तोवर मोटारीही बोटीतूनच जात असत. पुलानंतरही बोट सुरू राहिली. माझ्या पायाखाली वासिष्ठीचे गढूळ पाणी होते, बाजूला दुचाकीवर बर्फाची पेटी बांधलेला माणूस उभा होता, आणि एका देशातून दुसऱ्या देशात याच रीतीने जाता येते ही गोष्ट मला तिथल्या सगळ्या राजवाड्यांहून अधिक मोहात पाडणारी वाटली.

दाभोळला उतरल्यावर पोर्तुगीज आणखी एका कारणाने आठवले. १५०८ सालच्या मार्चमध्ये चौलजवळच्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द आल्मेडा याचा तरुण मुलगा लोरेन्सु मारला गेला. बापाने त्याच वर्षाच्या अखेरीस येऊन हे भरभराटीचे बंदर जाळले, लोकांची कत्तल केली आणि मग दीवकडे कूच केले. मी दाभोळहून चौलच्या खाडीकडेच निघाले होते, म्हणजे बापाने सूड जिथे घेतला तिथून मुलगा जिथे पडला तिथपर्यंत. लिस्बनमधल्या बेलेंच्या मठात वास्को द गामाची समाधी पाहण्याचे माझ्या यादीत आहे. ती पाहायची, पण कोणत्या काठावरून आलो हे न विसरता पाहायची.

हर्णै, केळशी, वेसवीहून बागमांडला, श्रीवर्धन. हे दोन दिवस मी जवळजवळ काहीच पाहिले नाही. एसटी चुकली, पुढच्या एसटीसाठी थांबले, पाठपिशवीचा पट्टा खांद्याला लागला, तिसऱ्या खाडीला पोहोचेपर्यंत पाणी, बोट, नारळ सगळे एकसारखे दिसू लागले. चार दिवसांत तीन खाड्यांनी ही अवस्था, तर महिन्यात चार देशांनी काय होईल? श्रीवर्धनच्या खोलीत मी वही उघडून इटली आणि ग्रीसवर काट मारली. दुःख झाले, पण झोपही लागली.

चौथी खाडी दिघीहून आगरदांड्याला ओलांडून मी मुरुडला आले तेव्हा साडेचार वाजले होते. एका लॉजच्या बाहेर ‘खोल्या उपलब्ध’ अशी पाटी होती. आतल्या तरुणाने माझे आधार कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “सोबत कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मागून येणार आहेत?”

“नाही. मी एकटीच आहे.”

“मग रूम नाही देता येणार, मॅडम. सिंगल लेडीजना देत नाही. मालकांनी सांगून ठेवलंय.”

मी कारण विचारले. कारण त्याला ठाऊक नव्हते. तो उद्धटही नव्हता, उलट ओशाळलेला होता, आणि त्याने मार्गही सुचवला. घरचे कोणी पुरुष माणूस फोनवर बोलले तर तो मालकांना विचारून पाहील. इथे मला कबुली द्यावी लागेल. मी वाद घातला नाही. मी मुकाट्याने धाकट्या भावाला फोन लावला, ज्याच्या मुंजीत मी त्याला कडेवर घेऊन फिरले होते, आणि फोन त्या मुलाच्या हातात दिला. दोघे माझ्यासमोर माझ्याविषयी बोलले. “हो, माझी बहीण आहे. हो हो, चांगल्या घरची आहे. निवृत्त आहे.” मुलाने हसून नोंदवही माझ्याकडे सरकवली. पहिला रकाना नावाचा होता, त्यापुढे वय, त्यापुढे ‘येण्याचे कारण’. दोरीला बांधलेले पेन मी हातात घेतले, नावाची दोन अक्षरे लिहिली, आणि मग पेन खाली ठेवून पिशवी उचलली. कोणाला काही सुनावले नाही. रस्त्यावर आल्यावर कानशिले तापली होती आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती, फोन लावल्याची.

यातली विसंगती मला अजून पचलेली नाही. लिस्बनमध्ये बायकांच्या सहा खाटांच्या खोलीतली एक खाट मी आमच्या पडवीत बसून दहा मिनिटांत राखून ठेवली होती. त्यांनी कार्डाचा क्रमांक आणि पोहोचण्याची वेळ एवढेच विचारले. तिकडच्या लोकांना माझी काळजी आहे असे मी म्हणत नाही, त्यांना बहुधा काहीच पडलेली नाही. पण ज्या किनाऱ्यावर ‘येवा, बसा, पाणी घ्या’ असे परक्यालाही म्हणतात, तिथे पैसे देऊन मागितलेली खोली मला भावाच्या शब्दावर मिळणार होती.

अंधार पडता पडता रेवदंड्याकडे जाणाऱ्या एसटीने कोर्लईला उतरले. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंना मी सगळी हकीकत सांगून टाकली होती, कारण न सांगणे अशक्य होते. त्यांनी मला ख्रिस्ती आळीतल्या एका आजींच्या दारात नेऊन उभे केले. आजींनी ‘सोबत कोण’ हे विचारले नाही. ‘मासे खातेस ना?’ हे विचारले. आठशे रुपयांत मागची खोली, रात्रीचे जेवण आणि सकाळचा चहा ठरला. त्यांनी माझ्या हातात एक पितळी चावी दिली, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला नवा साबण.

चार महिने मी मोबाइलवर पोर्तुगीज शिकत होते. ‘शाव्ह’ म्हणजे चावी आणि ‘साबांव’ म्हणजे साबण, हे मी घोकून पाठ केले होते, आणि त्या क्षणी दोन्ही शब्द माझ्या दोन हातांत होते. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले. समोरच्या टेकाडावर त्यांचा लांबट, चिंचोळा किल्ला आहे आणि त्याच्या उतारावरच्या या गावात त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. तिला हे लोक ‘नौलिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. साधारण हजारभर माणसांची भाषा. आजी सुनेशी बोलू लागल्या तशी मी कान टवकारले. शब्द ओळखीचे वाटत, पण पकडायला जावे तर निसटत; वाक्याची ठेवण आपल्या मराठीसारखी, क्रियापद शेवटी, आणि मधले शब्द दूरचे. मी धीर करून अगदी सावकाश, मोबाइलमधल्या बाईच्या उच्चारात, जेवण फार छान झाले असे म्हटले. आजींनी सुनेकडे पाहिले, सुनेने त्यांच्याकडे.

“काय बोललीस?” आजींनी मराठीत विचारले.

मी मराठीत सांगितले.

“मग तसं बोल की,” असे म्हणून त्यांनी माझ्या ताटात बांगड्याचा आणखी एक तुकडा वाढला.

त्या रात्री मी दार लावून एकटीने झोपले. खरे तर दोनदा उठून कडी तपासली.

परतीचा प्रवास मुंबईमार्गे, रेल्वेने, एका झोपेत झाला. घरी येऊन नवा आराखडा केला तो दोन देशांचा. पोर्तुगाल चौदा रात्री, स्पेन बारा. व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री त्या देशाकडे करायचा असतो, त्यामुळे पोर्तुगाल. शुल्क ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोंचा, बोटांचे ठसे प्रत्यक्ष जाऊन द्यायचे. ग्रानाडाच्या आलांब्रा राजवाड्याचे तिकीट पासपोर्टवरच्या नावानेच काढावे लागते आणि आतल्या नासरी महालांत शिरण्याची वेळही ठरवून मिळते, म्हणून तो दिवस आधी पक्का केला आणि बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे बसवले. ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी सेव्हिलची मोठी जत्रा भरते तेव्हा खोल्यांचे भाव माझ्या पेन्शनच्या पलीकडे जातात, म्हणून ती संपेपर्यंत पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावर ताविराला राहायचे. गर्दी मला सोसत नाही, हे कारण मी चारचौघांत सांगते. भाव हे खरे कारण आहे.

एकटीने का जात आहात, हे अर्जासोबतच्या पत्रात लिहावे असे एजंटांनी सुचवले. मी तीन मसुदे केले. पहिल्यात मुरुडच्या लॉजबद्दल दोन परिच्छेद आले, ते काढले. शेवटी राहिली एवढीच ओळ: मला वसंतात प्रवास करायचा आहे आणि प्रवासाचा खर्च मी करणार आहे.

त्यांना अडचण वाटली ती फेरीबोटीची. तिचे आगाऊ तिकीट जोडता येत नव्हते, म्हणून तिथे बस दाखवावी असा त्यांचा आग्रह होता. मी ती ओळ तशीच ठेवायला लावली.

संध्याकाळी आईला तो कागद वाचून दाखवला. ती अंगणात सुपारी फोडत होती. पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असते, तेव्हा त्या नदीत बोटीतून पलीकडे उतरले की घड्याळ तासभर पुढे करायचे, असे मी तिला समजावून सांगितले. अडकित्ता थांबला.

“खाडी केवढी म्हणालीस?”

“आपल्या दाभोळएवढी असेल.”

“आणि तास जातो?”

“जातो.”

“मग येताना त्याच बोटीने ये,” आई म्हणाली आणि पुढची सुपारी उचलली.