स्वच्छ पाण्याचे डाग

बाथरूममध्ये काचेचं पार्टिशन लावायची आयडिया ज्याला कुणाला पहिल्यांदा सुचली असेल त्याच्या नळाला नक्की पावसाचं पाणी येत असणार. जड, म्हणजे क्षारांचं पाणी वापरणारा माणूस काच आणि शॉवर शेजारी-शेजारी ठेवायचं धाडस करणार नाही. कॅटलॉगमधल्या फोटोत ती काच दिसतच नाही, तेच तिचं कौतुक, आणि घरी आणल्यावर काही महिन्यांत ती इतकी दिसायला लागते की साधा पडदा लावला असता तर बरं झालं असतं असं वाटतं. अर्थात एक फायदा आहे, फ्रॉस्टेड काच मुद्दाम घ्यावी लागत नाही, पाणीच करून देतं.

मला खरी चीड येते ती याची, की ही काच घाणीने खराब होतच नाही. पिण्याइतक्या चांगल्या पाण्याने होते. पाऊस जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याने तो किंचित आम्लधर्मी होतो, वाटेत चुनखडी लागली की तिला विरघळवून सोबत घेतो आणि ते सगळं न दिसता आपल्या शॉवरपर्यंत येतं. मग थेंब काचेवर बसतो, सुकतो, पाणी उडून जातं, वायू उडून जातो आणि मागे राहतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे संगमरवर ज्याचा बनलेला असतो तेच. थोडक्यात आपण रोज आंघोळ करून काचेवर संगमरवर चढवतोय, फक्त त्याला पॉलिश नाही एवढंच.

डाग जवळून बघितलाय कधी? तो भरीव ठिपका नसतो, कड जाड पांढरी आणि मधला भाग बराचसा मोकळा. थेंबाची कड काचेला धरून बसते, तिथलं पाणी आधी उडतं आणि ती भरपाई करायला आतलं पाणी कडेकडे सरकत राहतं, जाताना बरोबरचा माल तिथे नेऊन टाकतं. सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड गडद का असते यावर १९९७ साली 'नेचर'मध्ये चक्क शोधनिबंध आलाय, आपला थेंबही बराचसा त्याच वळणावर जातो. मला हे कळल्यापासून काच घासताना निदान काहीतरी इंटरेस्टिंग घासतेय असं वाटतं, बाकी काही फरक पडलेला नाही.

एका थेंबात असं असतं किती म्हणाल तर जवळपास काहीच नाही. पण हिशोब करून बघा. कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने क्षारांचं प्रमाण लिटरमागे १८० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाणी 'फार जड' धरतात. समजा आपलं ३०० आहे आणि आंघोळीनंतर काचेवर ५० मिली पाणी तसंच राहिलं, तर एका आंघोळीचे १५ मिलिग्रॅम. घरात दोनच माणसं धरली तरी वर्षाला ११ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दोनेक छोटे चमचे पांढरी पूड काचेवर नीट पसरून. हे गणित मी घरात सगळ्यांना ऐकवलंय, "बरं मग?" यापलीकडे प्रतिसाद नाही.

त्यात साबण. वडीचा साबण जड पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळला की त्याचा फेस कमी आणि राखाडी चिकट साका जास्त होतो, आणि तो क्षारांच्या थरावर बसतो, त्यावर परत क्षार, त्यावर परत साका. म्हणून नुसतं ॲसिड लावलं की ते तेलकट थरावरून घसरून जातं आणि नुसतं लिक्विड लावलं की क्षारांना काही होत नाही. आधी भांड्यांच्या लिक्विडने साका काढायचा, धुवायचं, मग व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचं पाणी. माझं मत सायट्रिकला, कारण व्हिनेगरचा वास बाथरूममधून बाहेर येऊन दिवसभर घरात फिरतो. दुसरं म्हणजे काच उभी असते, स्प्रे मारला की दोन मिनिटांत सगळं खाली ओघळतं आणि लोक म्हणतात काही उपयोग नाही झाला. टिश्यू पेपर भिजवून काचेवर चिकटवायचे आणि पंधरा-वीस मिनिटं तसेच राहू द्यायचे, ॲसिडला तेवढा वेळ लागतोच. खाली संगमरवरी फरशी असेल तर मात्र हे सगळं सांभाळून, कारण ॲसिडला वरचा डाग आणि खालची फरशी यातला फरक कळत नाही, त्याच्या दृष्टीने दोन्ही एकच.

आणि ते बेकिंग सोडा अधिक व्हिनेगर प्रकरण. फसफसतं भारी, व्हिडिओत तर फारच भारी दिसतं, पण एक आम्ल आणि एक अल्कली, दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं थोड्याशा क्षाराचं पाणी. म्हणजे जे ॲसिड डागावर खर्च व्हायचं ते सोड्यावर खर्च. घासायला खरखरीत काहीतरी हवं म्हणून सोडा वेगळा वापरा, माझी हरकत नाही. ब्लीच मात्र कुठल्याही ॲसिडच्या आसपासही नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो, तिथे गंमत नाही.

यातला सगळ्यात छळवादी भाग पुढे आहे. सगळं घासून, धुऊन झालं की काच अशी काही लखलखते की आपण स्वतःवर खूश होऊन बाहेर येतो, कुणाला तरी बोलावून दाखवतोही, आणि तासाभराने बघावं तर ढग परत जागेवर. तो कुठे गेलेलाच नसतो. डागाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर प्रकाश इकडे-तिकडे विखुरतो म्हणून तो पांढरा दिसतो, पाणी त्या खाचाखोचांत भरलं की विखुरणं कमी होतं आणि डाग दिसेनासा होतो. त्यामुळे ओल्या काचेचं सर्टिफिकेट घ्यायचं नाही, कोरडी करून, लाईट तिरका पडेल असं उभं राहून बघायचं.

कोरड्या काचेवर ॲसिडने, घासण्याने, कशानेच न जाणारा एक धूसरपणा कधीकधी उरतो. तो डाग नसतो, काचच झिजलेली असते. काचेवर पाणी वर्षानुवर्षं साचून राहिलं की ते काचेतला सोडियम हळूहळू बाहेर ओढतं, त्याने साचलेलं पाणी अल्कधर्मी होतं आणि काचेलाच खायला लागतं. मग सिरियम ऑक्साइडने पॉलिश करणे किंवा डोळे मिटून आंघोळ करणे.

सॉफ्टनर लावा म्हणून सांगणारे भेटतात, बरोबरच सांगतात, पण तो पेनासारखा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा आकडा दाखवणारा) पाण्यात बुडवून दाखवतात ते काही बरोबर नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, एकूण क्षार साधारण तेवढेच राहतात, मीटर जवळपास तोच आकडा दाखवणार. डाग तरीही पडतात, फक्त ओल्या फडक्याने निघतात, आणि साबणाचा साका होत नाही, हेच मोठं सुख.

ज्याच्याकडे सॉफ्टनर नाही त्याला शेवटी वायपर. पाणी सुकायच्या आत काचेवरून खाली गेलं की क्षारही त्याच्याबरोबर गेले, इतकं साधं आहे हे, धुण्यापेक्षा कोरडं करण्याला महत्त्व, कारण धुताना आपण तेच पाणी परत ओततोय. वरून खाली ओढायचा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा, रबराची कड मध्ये-मध्ये पुसायची, तळाच्या पट्टीत साचलेलं फडक्याने टिपायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ते अर्धं मिनिट कुणाचं, यावर घरं हलतात. आमच्याकडे नियम आहे की शेवटी आंघोळ करेल त्याने पुसायचं, त्यामुळे आता शेवटी आंघोळ कुणीच करत नाही, ज्याला विचारावं तो म्हणतो, "मला वाटलं अजून कुणीतरी जायचंय."

पाहुण्यांचा प्रश्न वेगळाच. आल्या-आल्या वायपर हातात देणं बरं दिसत नाही. मी टॉवेल देताना त्या वायपरकडे नुसतं अर्थपूर्ण बघते, काहींना कळतं, आणि काही जण जमीन पुसून बाहेर येतात.